स्क्रीनवर राहिलेली छाप: जाणारी की कायमची?

चॅनेल बदललं तरी आधीच्या चॅनेलचा लोगो कोपऱ्यात अंधुक दिसत राहतो. फोनवर फोटो उघडावा, तर खालच्या भागात कीबोर्डची पुसट जाळी. मॉनिटरवर करडी विंडो आणली की तिच्यामागून मघाचे तक्ते डोकावतात. असं पहिल्यांदा दिसल्यावर कुणी धास्तावून सर्व्हिस सेंटर गाठतं, कुणी ‘जाईल आपोआप’ म्हणून सोडून देतं. आजच्या बहुतेक स्क्रीन दोन प्रकारच्या असतात, एलसीडी आणि ओएलईडी. माझ्या पाहण्यात धास्तावणारे बहुतेक एलसीडीवाले असतात, ज्यांची छाप बहुधा निघून जाणार असते. सोडून देणारे ओएलईडीवाले असतात, आणि त्यांची छाप रोज थोडी पक्की होत असते.

एका नजरेत फरक कळत नाही, कारण दिसायला दोन्ही सारख्याच. छाप बदलते आहे का, किती वेगाने बदलते आहे आणि ती मुळात कशाची आहे, या तीन प्रश्नांवरून निकाल लागतो. त्यासाठी सपाट रंगांची चार-सहा चित्रं, एक कॅमेरा आणि एका रात्रीचा धीर एवढं पुरतं.

आत काय घडतं

एलसीडीमध्ये प्रकाश मागच्या दिव्यांचा असतो. पुढचे द्रवस्फटिक व्होल्टेज मिळेल तसे वळतात आणि तो प्रकाश कमी-जास्त अडवतात. हे व्होल्टेज सतत उलटसुलट केलं जातं, म्हणजे एकाच दिशेचा भार साचत नाही. पण एकच चित्र तासन्‌तास राहिलं आणि त्या उलटापालटीत थोडाही असमतोल असला, तर द्रवातले भारित अशुद्ध कण एका बाजूला गोळा होतात. चित्र बदललं तरी त्यांचा भार मागे राहतो आणि तिथले स्फटिक हवे तितके वळत नाहीत. हीच ती छाप. कण पुन्हा पांगले की ती जाते. यात काही झिजलेलं नसतं.

ओएलईडीमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. उजळणारा पदार्थ सेंद्रिय असतो आणि वापराबरोबर त्याची प्रकाश देण्याची ताकद घटत जाते. निळ्या रंगाचा पदार्थ सगळ्यात लवकर थकतो. पूर्ण स्क्रीन सारखी थकली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण लोगोखालचे ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जास्त राबतात, म्हणून तेवढेच मंद होतात. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर मागे वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो, तसंच हे. रंग उडालेला असतो तो आजूबाजूचा, आणि चौकोन मूळचा. ओएलईडीवरही कधी चौकोनच ताजा असतो: वर-खाली काळ्या पट्ट्या असलेले चित्रपट वर्षानुवर्षं पाहिले की पट्ट्यांची जागा कमी झिजते आणि पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर किंचित उजळ दिसते.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की ओएलईडीवरही तात्पुरती छाप पडते. ठिपक्यांना वीज पुरवणारे सूक्ष्म ट्रान्झिस्टर बराच वेळ एकाच कामावर राहिले की त्यांचं वागणं थोडं सरकतं, आणि ते जागेवर यायला वेळ लागतो. म्हणजे ‘ओएलईडी आहे, छाप दिसली, कायमचीच असणार’ हाही घाईचा निष्कर्ष झाला.

जुन्या काचेच्या नळीच्या स्क्रीनमध्ये आणि प्लाझ्मामध्ये फॉस्फर, म्हणजे उजळणारा थर, झिजायचा. स्क्रीनसेव्हर जन्माला आले ते यामुळेच. १९८३मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला; काही मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की तो स्क्रीन काळी करायचा. प्लाझ्मा टीव्ही २०१४च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी बनवणं थांबवलं, त्यामुळे पुढचं सगळं एलसीडी आणि ओएलईडीबद्दल आहे. ई-इंक वाचकयंत्रावर मागच्या पानाची अक्षरं राहतात तो वेगळाच प्रकार: रंगाचे कण पूर्ण हललेले नसतात. पान एकदा पूर्ण काळं-पांढरं होऊ दिलं की ती अक्षरं जातात.

पायरी १: ही खरंच राहिलेली छाप आहे का?

छाप दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या उपकरणावर उघडा. तिथेही ती दिसली तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा; पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग, निर्दोष. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण बहुतेक जण तीच विसरतात.

मग बघा, छाप स्थिर आहे की हलणाऱ्या गोष्टीच्या मागे शेपटासारखी येते. शेपूट असेल तर ठिपके रंग बदलायला उशीर लावत आहेत. ही वेगाची अडचण आहे, तिचा या विषयाशी संबंध नाही. मॉनिटरच्या मेनूमध्ये ओव्हरड्राइव्हची, म्हणजे ठिपक्यांना लवकर रंग बदलायला लावणाऱ्या सोयीची, पातळी बदलून पाहा. जुन्या व्हीजीए केबलवर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे दुसरं फिकट अक्षर दिसत असेल तर केबल बदला.

उरलेले तोतयेही ओळखून ठेवा. अगदी गडद करड्या रंगावर उभे पट्टे दिसणं हे अनेक ओएलईडी पॅनेलमध्ये नवीन असल्यापासून असतं. कडेने प्रकाश झिरपणं, कोपरा पिवळसर पडणं, मध्ये ढगाळ डाग असणं, या एलसीडीच्या तक्रारी आहेत. यातल्या कशालाच ओळखीचा आकार नसतो. राहिलेल्या छापेला मात्र तो असतो: अक्षर, चौकट, आयकॉन, पट्टी. आकार ओळखता येत नसेल तर आधी काच पुसा आणि फोनवर प्रोटेक्टर लावला असेल तर तो नीट निरखा.

पायरी २: पॅनेल कोणतं ते पक्कं करा

मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या तपशिलात बघणं सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर खोली पूर्ण अंधारी करा, पूर्ण काळं चित्र लावा आणि ब्राइटनेस वाढवा. काळ्यातही उजेड जाणवला तर एलसीडी. काहीच दिसलं नाही तर बहुधा ओएलईडी, पण एक खात्री करा: काळ्यावर एक छोटा पांढरा ठिपका आणा. त्याच्याभोवती धूसर वलय उमटलं तर ती मागचे दिवे भागाभागाने विझवणारी एलसीडी आहे. ‘क्यूएलईडी’ असं लिहिलेलं असेल तर ती एलसीडीच. ‘क्यूडी-ओएलईडी’ मात्र ओएलईडी. नावातली दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की पुढचे सगळे उपाय उलटे होतात, म्हणून ही पायरी टाळू नका.

पायरी ३: चाचणीची चित्रं

कोणत्याही चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये स्क्रीनच्या रिझोल्यूशनची सपाट चित्रं बनवा. मधला करडा, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांची किंमत (० ते २५५ मधली) १२८. गडद करडा, ५१. मग पूर्ण पांढरा, लाल, हिरवा आणि निळा. टीव्हीसाठी ती पेनड्राइव्हवर टाकता येतात.

दाखवण्याआधी नाइट मोड, आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि चित्र ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा. चित्र कडेपर्यंत भरलेलं हवं, वर घड्याळ किंवा खाली बटणं नकोत; नाहीतर चाचणीच नवी छाप पाडत बसते.

आता एकेक रंग बघा. एलसीडीवरची तात्पुरती छाप मधल्या करड्यावर सगळ्यात ठसठशीत दिसते आणि पूर्ण पांढऱ्या-काळ्यावर जवळपास लपते, कारण मधल्या छटांमध्ये व्होल्टेजचा जरासा फरकही प्रकाशात मोठा होऊन दिसतो. ओएलईडीवर रंगांची चित्रं जास्त बोलतात. समजा लाल पट्टीचा लोगो रोज दिसत होता. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवे, निळे उपठिपके असतात; तिथले लाल उपठिपके जास्त राबले. मग लाल चित्रावर ती पट्टी गडद दिसेल, हिरव्या आणि निळ्यावर फारशी दिसणार नाही, आणि पांढऱ्यावर तेवढाच भाग निळसर-हिरवट वाटेल. एकाच रंगात स्पष्ट आणि बाकीच्यांत गायब, अशी छाप असेल तर ती झिजेची भक्कम खूण समजा.

प्रत्येक चित्र दहा-पंधरा सेकंद पाहणं पुरेसं आहे. जास्त वेळ रोखून पाहिलं की डोळेच स्वतःच्या छापा तयार करू लागतात.

पायरी ४: छाप कशाची आहे ते वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारी पायरी हीच, आणि तिला उपकरण काहीच लागत नाही.

तात्पुरती छाप हल्लीच्या गोष्टीची असते: पाच मिनिटांपूर्वीची विंडो, आत्ताच बंद केलेला खेळ. ती तपशीलवार असते, कधी वाक्य वाचता येईल इतकी. कायमची छाप गेल्या कित्येक महिन्यांची बेरीज असते. त्यात आजचं काही नसतं, जे रोज त्याच जागी असतं तेवढंच उरतं.

फोनवरचं घड्याळ यासाठी फार उपयोगी. करड्या चित्रावर वरच्या कोपऱ्यात ‘१०:४२’ असे आकडे वाचता येत असतील, तर ती काही मिनिटांपूर्वीची वेळ आहे आणि छाप ताजी आहे. पण आकड्यांच्या जागी नुसते धुरकट ठोकळे, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके मात्र स्पष्ट, शेजारी बॅटरीची आणि नेटवर्कची चिन्हं रेखीव, असं दिसत असेल तर ती झीज आहे. आकडे बदलत राहिले म्हणून एकमेकांत मिसळले. ठिपके आणि चिन्हं हलली नाहीत म्हणून कोरली गेली. टीव्हीवरही तसंच: बातम्यांच्या पट्टीतला धावता मजकूर कधीच उरत नाही, पट्टीची कड आणि ‘ब्रेकिंग’सारखा न हलणारा शब्द उरतो.

काठही बघा. बहुतेक ओएलईडी टीव्ही चित्र अधूनमधून काही पिक्सेल सरकवतात, त्यामुळे झिजेच्या कडा थोड्या विरघळलेल्या असतात. ही खूण एकटी पुरेशी नाही, पण घड्याळाच्या खुणेला जोड देते.

पायरी ५: फोटो आणि वेळ

डोळ्यांची आठवण फसवी असते. सकाळी ‘कालच्यापेक्षा कमी झालंय’ असं वाटतं ते बऱ्याचदा फक्त वाटणंच असतं. म्हणून खोली अंधारी करा, कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर स्थिर ठेवा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा आणि मधल्या करड्या चित्राचा फोटो घ्या. लॉक न करता काढलेले फोटो टाकाऊ समजा. फोन आपल्या मनाने उजेड वाढवून फिकट छापेला भयंकर करून दाखवतो. फोटोत लहरींची जाळी आली तर कॅमेरा थोडा मागे घ्या. स्क्रीनचा ब्राइटनेस किती होता तेही लिहून ठेवा.

मग थांबा. एलसीडीवर दहा मिनिटं हलता व्हिडिओ चालवा आणि दुसरा फोटो घ्या. तासाभराने तिसरा. त्यानंतर स्क्रीन रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी चौथा.

ओएलईडी टीव्हीसाठी एक अट पाळावी लागते. असे बरेच टीव्ही एकूण साधारण ४ तास वापर झाला की पुढच्या वेळी बंद केल्यावर स्वतःची दुरुस्ती-फेरी चालवतात. त्यात ठिपक्यांची मोजणी होते आणि वीजपुरवठ्याची नोंद सुधारली जाते. ही फेरी स्टँडबायमध्ये चालते. म्हणजे टीव्ही रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचं बटणही बंद करायची सवय असेल, तर ती फेरी कधी पूर्णच होत नाही, आणि सहज जाणारी छाप आठवडेच्या आठवडे मुक्काम करते. चाचणीच्या रात्री रिमोटने बंद करा, वीज चालू ठेवा. ओएलईडी मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘पिक्सेल रिफ्रेश’ नावाचा पर्याय असतो. तो चालवून मॉनिटरला थंड होऊ द्या. फोनवर असं काही सहसा नसतं. फोन रात्रभर बंद ठेवा.

चारही फोटो शेजारी लावा. छाप पायरीपायरीने फिकट होत गेली असेल तर तात्पुरती. सकाळच्या फोटोत थोडी उरली असेल तर आणखी एक-दोन दिवस द्या. बराच काळ गोठलेल्या चित्रानंतर एलसीडीलाही इतका वेळ लागू शकतो. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत तसूभरही फरक नसेल, आणि पायरी ४ मधल्या खुणाही झिजेकडेच बोट दाखवत असतील, तर कायमची.

मधली एक अवस्था असते आणि ती लोकांना छळते: पाच मिनिटं विंडो ठेवली की छाप, पाच मिनिटांत गायब, उद्या पुन्हा. तांत्रिकदृष्ट्या ही तात्पुरतीच. पण नव्या मॉनिटरमध्ये हे रोज होत असेल तर पॅनेल कमकुवत आहे, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत तो परत करण्यात शहाणपण आहे.

निदानानंतर

एलसीडीवर तात्पुरती छाप असेल तर काही विशेष करू नका. स्क्रीन बंद ठेवा किंवा सतत बदलणारं काहीतरी चालवा. रात्रभर पांढरं चित्र ठेवण्याचा जुना उपाय एलसीडीवर चालतो. कायमची छाप एलसीडीवर दुर्मिळ. दिसलीच तर ती महिनोन्‌महिने दिवसभर एकच फलक दाखवणाऱ्या, गरम जागेतल्या स्क्रीनवर दिसते.

ओएलईडीवर तोच पांढऱ्या चित्राचा उपाय म्हणजे सगळी स्क्रीन मुद्दाम झिजवणं. लाल-हिरवे-निळे झगमगणारे ‘बर्न-इन रिमूव्हर’ व्हिडिओही त्याच माळेतले (बर्न-इन म्हणजे झिजेची कायमची छाप). फरक कमी झालाच तर तो चांगले ठिपके वाईटांच्या पातळीला आणल्यामुळे. मी ते कुणालाच सुचवत नाही.

टीव्हीच्या मेनूमधली मोठी दुरुस्ती-फेरी, जी काही संच दर २००० तासांनी स्वतःहूनही चालवतात, तिचा उपयोग होतो, पण ती काय करते ते माहीत असू द्या. थकलेल्या ठिपक्यांना जास्त वीज देऊन ती फरक झाकते. झिजलेला पदार्थ परत येत नाही. फेरीला तासभर लागू शकतो आणि काही संचांत शेवटी स्क्रीनवर एखादी रेष सरकताना दिसते, त्यात काळजीचं कारण नाही. एकदा चालवा, फरक पडला नाही तर रोज चालवत बसू नका.

झीज थांबवता येत नाही, मंद करता येते. ब्राइटनेस हा सगळ्यात मोठा खटका: तो दुप्पट केला तर झीज दुपटीहून जास्त वेगाने होते. त्याखालोखाल वैविध्य. उत्तर अमेरिकेतल्या आरटिंग्स या चाचणी-संस्थेने २०१८मध्ये सहा एकसारखे ओएलईडी टीव्ही दिवसाला २० तास वेगवेगळ्या कार्यक्रमांवर चालवून पाहिले होते. वृत्तवाहिनीच्या टीव्हीवर पट्टी आणि लोगो ठळक उमटले. ज्यावर स्थिर गोष्टी कमी होत्या, ते बरेच शाबूत राहिले. टास्कबार आपोआप लपवा, डार्क थीम ठेवा, लोगो मंद करणारा आणि चित्र सरकवणारा पर्याय चालू राहू द्या. उत्पादकही हेच करतात: २०१७मध्ये ‘पिक्सेल २ एक्सएल’ या फोनवरच्या छापेबद्दल ओरड झाल्यावर गूगलने सॉफ्टवेअरमधून खालची बटणं मंद केली आणि वॉरंटी दोन वर्षांची केली.

वापरलेला फोन घेताना

करडं आणि रंगांची चित्रं आपल्या फोनवरून आधीच पाठवून ठेवा आणि समोरच्या फोनवर पूर्ण स्क्रीन उघडा. वरची पट्टी, खालची बटणं, कीबोर्डची जागा, या तीन ठिकाणी बघा. काही दिसलं तर फोन दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवायला सांगा आणि पुन्हा बघा. एवढ्यात तात्पुरती छाप पूर्ण गेली नाही तरी फिकी नक्की पडते.

वॉरंटीचा दावा

बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीत बर्न-इन वगळलेलं असतं. काही ओएलईडी मॉनिटरना मात्र २०२२पासून तीन वर्षांचं स्पष्ट संरक्षण मिळू लागलं. आपल्या कार्डावर ‘बर्न-इन’ आणि ‘इमेज रिटेन्शन’ (राहिलेली, बहुधा तात्पुरती छाप) हे दोन्ही शब्द शोधा, कारण एक समाविष्ट आणि दुसरा वगळलेला असू शकतो. दाव्यासोबत पायरी ५ मधले फोटो क्रमाने, त्यांच्या वेळांसह द्या, आणि दुरुस्ती-फेरी कधी चालवली तेही लिहा. सर्व्हिस सेंटरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. टीव्हीच्या माहितीच्या मेनूमध्ये एकूण वापराचे तास दिसत असतील तर त्याचाही एक फोटो जोडा.